तळवटचा नवा किनारा

४ फेब्रुवारी

तळवटच्या गादीवर विराजमान, खरं म्हणजे खाटेखाली लोळत पडलेल्या राजेसाहेबांना त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुजरा!

आपल्या राज्यांचं पाचवं पुस्तक लिहून झालं. शेवटचं. सुटलास बाबा. आता दर दोन वर्षांनी नकाशा मागायला दारात कोणी उभं राहणार नाही. बाड सोबत पाठवते आहे. काल फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस तेव्हा हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण गिळून टाकलं. घरच्या गोष्टी फोनवर आणि राज्यांचा कारभार पत्राने, हा नियम आपणच केलेला.

तर कारभार असा. चारही राज्यांत पूर येतो. कपाटावरच्या शिखरगडचे लोक खाली बघणं कमीपणाचं समजतात, त्यामुळे त्यांना तिसऱ्या दिवशी कळतं. झरोक्याची राणी दुपारी साडेतीनला, खिडकीतलं ऊन गेलं की राज्य सोडते, आणि पाणी येतं बरोबर चारला, म्हणजे हुकूम द्यायला कोणीच नाही. पुसणबेटाला मात्र आधीच सुगावा लागतो. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पुसून देणं हाच त्यांचा उद्योग, तेव्हा ओले पाय पहिल्यांदा त्यांनीच पाहिले.

आणि आता मन घट्ट कर. तळवट बुडतं. माणसं सगळी वाचतात, त्यांचा राजा, म्हणजे तुझा गुडघेराजाही वाचतो, पण राज्य जातं. लिहिताना मला रडू आलं. पण ते पडलं खाटेखालचं राज्य. पाणी सगळ्यांत खालच्या जागी जातं हे मला तूच शिकवलंस, मोजणीदारसाहेब.

नकाशा तीस एप्रिलच्या आत छापखान्यात जायला हवा. संपादकबाई म्हणाल्या, उशीर झाला तर आमच्याकडे संगणकावर करून घेऊ. मी साफ नाही म्हटलं. गोवर आला होता तेव्हा, सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत महिनाभर कोंडून पडलो असताना, आपण ही राज्यं मांडली आणि तह केला होता ना? रेघ तू ओढायचीस आणि नावं मी लिहायची. दोघांचे हात लागल्याशिवाय नकाशा खरा धरायचा नाही. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी अकरा, पण तह तो तह.

वाट बघते.
तुझी ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बाड मिळालं, वाचलं. पुढील हरकती नोंदवीत आहे.

तळवट बुडू शकत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या नकाशात तळवट समुद्रापासून चाळीस हात उंच आहे. उंचीच्या रेषा मी स्वतः काढल्या आहेत. पुसणबेट अवघं सहा हात उंच. म्हणजे बुडायचं तर आधी पायपुसणं बुडेल, मग खाट. तू आमचं राज्य बुडवलंस आणि पायपुसणं कोरडं ठेवलंस, हा कुठला न्याय?

हे दुरुस्त होत नाही तोवर नकाशा काढता येणार नाही.

आमच्या गुडघ्याएवढ्या प्रजेने पन्नास वर्षांत कोणाचं काय वाकडं केलं होतं ते कळवावं.

तुझा भाऊ
(सोबत कार्यालयीन शिक्का)


२४ फेब्रुवारी

अरे राजा,

हे काय? टाइप केलेलं पत्र? आणि खाली सहीच्या जागी मोजणी खात्यातला तुझा जुना शिक्का? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तो शिक्का अजून खिशात घेऊन फिरतोस की काय! पत्र उघडलं तर मला वाटलं आपल्या घराच्या कुंपणावरून नोटीस आली. पहिल्यांदा घाबरले, मग एकटीच हसत बसले.

नाकाला मिरच्या झोंबल्यात ते दिसलंच. बरं, तुझं म्हणणं खरं निघालं. दुसरं पुस्तक काढून पाहिलं, चाळीस हातच आहेत. इतक्या मुलांची पत्रं येतात, खाटेखालचं राज्य पायपुसण्याहून उंच आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि आलं ते तुझ्या! तुझ्या या काटेकोरपणावर मी लहानपणापासून जळत आले आहे. आठवतं, मी आईची शाळेतली लाकडी पट्टी घेऊन समुद्राचा काठ सरळ आखला होता? तू माझ्या हातातून पट्टी हिसकावून घेतलीस आणि दरबारात जाहीर केलंस, "समुद्राला पट्टी माहीत नसते. पट्टी जप्त!" आई बिचारी दोन दिवस ती पट्टी शोधत होती. मी शब्द काढला नाही. राज्याचं गुपित ते.

ठीक आहे. तळवट वाचवते. तीन प्रकरणं नव्याने लिहावी लागतील, पण तुझ्या प्रजेसाठी तेवढं करीन. तू तोवर कागद ताणून ठेव.

ताई


१८ मार्च

राजेसाहेब,

झालं! हातात पेन धरून बोटाला घट्टा पडला, पण तळवट तरलं. पुराची वर्दी पुसणबेटाने दिली. तुझ्या लोकांनी पन्नास वर्षं जपून ठेवलेली धूळ, जिला ते आपली संपत्ती म्हणतात आणि बाकीचे हसतात, ती सगळी पोत्यांत भरून बांध घातला. शिखरगडवाल्यांना शेवटी खाली बघावं लागलं, कारण वाचलेलं धान्य तळवटमध्ये होतं. गुडघेराजाने त्यांना एकच अट घातली, जेवायला वाकून यायचं. हे प्रकरण लिहिताना मला फार मजा आली. तू हरकत घेतली नसतीस तर ते सुचलंच नसतं.

पाणी ओसरल्यावर किनारा पार बदलतो. जुने चारही नकाशे रद्दी. तेव्हा या वेळी तुला नवा किनारा काढायचा आहे, पहिल्यापासून.

आता तरी पट्टी न वापरता कामाला लाग.
ताई


२६ मार्च

प्रिय ताई,

नवी प्रकरणं वाचली. धुळीचा बांध चांगला झाला आहे.

तथापि काही मुद्दे राहतात. पहिल्या चार पुस्तकांत अंतरं पावलांत आहेत. पावलं कोणाची हे ठरलेलं नाही. शिखरगडच्या माणसाचं पाऊल आणि आमचं पाऊल यांत तिपटीचा फरक. शिवाय नव्या किनाऱ्याबद्दल तू जे वर्णन दिलं आहेस त्यावरून तो काढता येणं अवघड आहे. "मऊ, वळणदार" म्हणजे किती वळणं? मोजणीत असं चालत नाही.

खरं सांगायचं तर इतक्या खटाटोपाची गरजही नाही. हल्ली सगळे नकाशे संगणकावरच होतात. संपादकबाई म्हणतात तसं करून घे. स्वच्छ होईल. मुलांना काही फरक पडणार नाही.

तुझा भाऊ
(शिक्का)


२९ मार्च

अरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मुलांना फरक पडणार नाही? हे तू लिहितोस? ज्याने दुसऱ्या नकाशातली एक नदी डोंगर चढून जाते म्हणून छापलेली हजार पानं परत करायला लावली, तो तू?

मला कळत नाही तुझं घोडं अडलंय कुठे. तळवट बुडवलं म्हणून रुसलास, समजलं. वाचवलं. आता पावलांवर आलास. उद्या म्हणशील गुडघेराजाच्या जोड्याचं माप दे. मला वाटतं तुला नकाशा काढायचाच नाही. कंटाळला असशील माझ्या पुस्तकांना. तसं असेल तर सरळ सांग, शिक्क्याच्या आड लपू नकोस. मला वाईट वाटेल. पण या टाइप केलेल्या पत्रांचं त्याहून जास्त वाटतं.

मी संपादकबाईंना अजून काही बोलले नाही.

ताई


२ एप्रिल

आदरणीय ताई,

हे पत्र मी औषधांच्या दुकानातून लिहिते आहे, गिऱ्हाईक नाही तेवढ्यात. ह्यांना माहीत नाही. कळलं तर दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, पण तुमचं शेवटचं पत्र वाचून ते जेवले नाहीत, तेव्हा मला गप्प बसवेना.

ह्यांचा उजवा हात थरथरतो. सात-आठ महिने झाले. डॉक्टरांना दाखवलं आहे, दोन डॉक्टरांना. जिवाला काही धोका नाही, ते दोघांनीही ठणकावून सांगितलं. गोळ्या चालू आहेत, त्या मीच मोजून देते. चहाचा कप धरताना फारसं जाणवत नाही. पण बारीक काम करायला घेतलं, की हात ऐकत नाही. म्हणून पत्रं टाइप करतात, म्हणून तो शिक्का. सहीसुद्धा करवत नाही त्यांना. बँकेतही मला पुढे करतात आणि स्वतः छताकडे बघत उभे राहतात.

तुमच्या पुस्तकांना ते कंटाळले नाहीत, ताई. तुमचं बाड आलं त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणाचं टेबल पुसतात, दिवा लावतात आणि बसतात. रोज कागद चुरगाळून टोपलीत. तळवट बुडतं म्हणून जी तक्रार केली ना, ती केल्यावर इतके खूश होते! म्हणाले, "आता तीन आठवडे मिळाले, तोवर हात सुधारेल." सुधारला नाही. तुम्हाला कसं सांगायचं हेच त्यांना कळत नाही. आजवर तुमच्यासमोर त्यांचं एकही काम चुकलेलं नाही ना.

टोपलीतला एक कागद इस्त्री करून सोबत पाठवते. मला नकाशातलं काही कळत नाही, पण मला तो टाकवेना.

तुमची भावजय

ता.क. त्या पावलांच्या मुद्द्यावर मात्र ते खरोखरच अडून आहेत. तेवढं ठरवून टाका.


५ एप्रिल

राजेसाहेब,

पुस्तकात एक शेवटचं प्रकरण वाढवलं आहे. सोबत पाठवते. थोडक्यात सांगते.

पूर ओसरतो. कोणाची हद्द कुठे, काही कळत नाही. चारही राज्यांचे लोक भांडायला उभे राहतात. शेवटी ठरतं की नवा किनारा मोजायचा, आणि मोजायचा तो गुडघेराजानेच. कारण अंतर तळवटच्या पावलांत धरायचं असं मी ठरवलं आहे (हा तुझा मुद्दा निकालात निघाला). राजा म्हातारा झालाय. तो काठाकाठाने चाळीस दिवस चालतो आणि चालता चालता कागदावर रेघ ओढतो. त्याचा हात थरथरतो. शिखरगडचा मंत्री हसतो, म्हणतो, रेघ वाकडी आली. मग झरोक्याची राणी तो कागद घेऊन प्रत्यक्ष काठावर जाते, आणि बघते तर एकेक खाच, एकेक दगड, एकेक लाट जिथल्या तिथे.

आता हा नकाशा तुलाच काढावा लागेल. राजाच्या हातचा आहे, दुसऱ्या कोणाचा चालणार नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

गुडघेराजाचा हात चार पुस्तकांत कधी थरथरला नव्हता. हे तुला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. तिला मी काय ते बोललो आहे.

माझी कीव करून पुस्तक वाकवू नकोस. मला ते आवडणार नाही. मुलं म्हणतील, शेवटचा नकाशा बिघडला. आणि ते बरोबरच म्हणतील.

(शिक्का)


१२ एप्रिल

अरे मूर्खा,

राजे वगैरे आज नाही. आज मी तुझी थोरली बहीण आहे आणि चिडलेली आहे.

पहिलं, तिला बोलला असशील तर आधी जाऊन माफी माग. तिने टोपलीतल्या कागदाला इस्त्री केली. असं माणूस घरात असताना तू छताकडे बघत उभा राहतोस?

दुसरं, सात-आठ महिने! मी दर रविवारी फोनवर माझ्या गुडघ्याचं रडगाणं गाते आणि तू "हो का, शेक घेतलास का" करत बसतोस आणि स्वतःचा हात लपवतोस. मला त्याचा राग आला. आणि मग स्वतःचाही आला, कारण टाइप केलेलं पत्र बघून मी हसले होते. भावाचं अक्षर एकाएकी दिसेनासं होतं आणि लोकांसाठी पाच-पाच पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला काही सुचत नाही!

तिसरं, कीव. परवा मी संपादकबाईंकडे जाऊन त्यांचा संगणकावरचा नमुना मागितला. सोबत जोडला आहे, बघ. स्वच्छ आहे. किनारा असा गुळगुळीत की त्यावर एकही होडी लागणार नाही, घसरून जाईल. मग मी त्याच्या शेजारी तुझा इस्त्री केलेला कागद ठेवला. संपादकबाई चष्मा काढून पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "हा खरा समुद्र दिसतोय. हा कुठला?" मी त्यांना तुझ्या हाताबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं. आईशपथ.

समुद्राला पट्टी माहीत नसते असं कोण म्हणालं होतं? नऊ वर्षांच्या राजाला जे कळत होतं ते साठ पार केलेल्याला कळू नये?

ते प्रकरण मी तुझ्यासाठी लिहिलं, खरं आहे. पण ते पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण झालं, हेही खरं आहे, आणि आता ते तुला काढून टाकता येणार नाही. तुझ्याशिवाय मला हे राज्य संपवायचंच नाही. नकाशा आला नाही तर पान कोरं ठेवीन, आणि खाली लिहीन, "राजा रुसला आहे."

तीस तारीख लक्षात ठेव.
ताई


२४ एप्रिल

ताई,

हे पत्र हाताने लिहितो आहे. ओळी डोंगर चढतील, तू चढून ये. अर्ध्या पानाला पाऊण तास लागला.

तिची माफी मागितली. म्हणाली, आधी गोळी घ्या.

नकाशा सोबत आहे. नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस हाताशी भांडलो. तिसऱ्या दिवशी भांडण सोडलं आणि तो नेईल तिकडे किनारा जाऊ दिला. मजा अशी की पुसणबेटाजवळ आपोआप एक खाडी झाली. मी काढली नाही, झाली. चाळीस वर्षं मोजणी केली, पण जमीन अशी माझ्यासमोर तयार होताना कधी पाहिली नव्हती. शेवटी शेवटी मी गुणगुणत होतो म्हणे. ही सांगते.

आता अडचण सांगतो. तुझ्या शेवटच्या प्रकरणात तळवट आणि शिखरगड यांच्यामध्ये पूल बांधतात. पूल सरळ लागतो. किनारा थरथरला तर चालतं, पूल थरथरला तर माणसं पडतील. तो माझ्याने होत नाही. पाच कागद फुकट गेले.

तेव्हा तहात एक बदल मागतो. पुलाची जागा रिकामी ठेवली आहे, दोन बारीक टिंबं आहेत. ही एक रेघ तू ओढ. आणि पुलाचं नाव, फक्त त्याचं, मी देईन. नकाशा परत माझ्याकडे पाठव, मी लिहून छापखान्यात देतो. अक्षर वेडंवाकडं येईल, पण मुलं वाचतील.

तुझ्याने सरळ रेघ येणार नाही हे मला माहीत आहे. कधीच आली नाही. म्हणून पार्सलमध्ये एक वस्तू घातली आहे. इतकी वर्षं माझ्या मोजणीच्या पेटीत होती. जप्ती उठवली आहे.

तुझा भाऊ


२७ एप्रिल

राजेसाहेब,

पार्सल उघडलं आणि पहिल्यांदा नकाशा बघायचा सोडून ती पट्टीच हातात घेतली. आईची पट्टी! कोपरा अजून तुटकाच आहे. मी जमिनीवर बसले, गुडघा दुखतो ते विसरून, आणि मनसोक्त रडले. मग हात धुतले, पुसले, नकाशा टेबलावर पसरला आणि टिंबाला टिंब जोडलं. रेघ सरळ आली आहे. मोजून बघ, मला माहीत आहे तू बघशीलच.

नावं सगळी लिहिली. तुझ्या त्या आपोआप झालेल्या खाडीचं नाव 'गुणगुण' ठेवलं आहे, हरकत चालणार नाही. पुलाची जागा कोरी आहे, ती तुझी.

अक्षराची काळजी करू नकोस. पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने तू 'जप्त' लिहिलं होतंस, ते अजून आहे. मी ते तुझ्या परवाच्या पत्राशेजारी ठेवून बघितलं. नऊ वर्षांच्या राजाचं अक्षर थेट असंच होतं रे.

तुझी ताई